वणव्यानंतर सरकार नेमकं काय देतं? (ऑस्ट्रेलियातला अनुभव)

निलगिरी | शुक्र, १०/०१/२०२५ - २१:१४

लॉस एंजेलिसच्या वणव्यावरच्या शेजारच्या धाग्यात कुणीतरी लिहिलंय, "परदेशात काय, घर जळलं की सरकार नवीन बांधून देतं." त्याला उत्तर द्यायला बसले आणि प्रतिसाद लांबतच गेला, म्हणून हा वेगळा धागा.

आमचं घर ३१ डिसेंबर २०१९ला सकाळी जळालं. न्यू साउथ वेल्सचा दक्षिण किनारा, कोबार्गोपासून फार लांब नाही. मी फार्मासिस्ट, नवरा शाळेत शिकवतो, मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. आदल्या रात्रीच आम्ही गाडीत पासपोर्ट, देव आणि कुत्रा एवढं घालून जवळच्या शहरातल्या शोग्राउंडवर (कृषी-प्रदर्शनाचं मैदान) गेलो होतो. सकाळी आठ वाजता बाहेर मध्यरात्रीसारखा काळोख आणि त्यात लालसर उजेड. घर गेल्याचं कळायला दोन दिवस लागले, कारण वीज नाही, मोबाइल नाही, रस्ते बंद. पेट्रोलला रांग, आणि कार्ड चालत नसल्याने खिशात रोकड असेल तोच श्रीमंत.

आता मुद्द्याचं. सरकारने घर बांधून दिलं नाही. देतही नाही.

पहिली मदत केंद्र सरकारची: मोठ्या माणसाला १,००० डॉलर, मुलाला ४००. त्या जानेवारीत मुलांसाठी आणखी ४०० वाढवले. म्हणजे आमच्या तिघांचे २,८००. अर्ज पंधरा मिनिटांचा, पैसे लगेच खात्यात. या पैशाला कमी लेखू नका. अंगावरच्या कपड्यांवर निघालेल्या माणसाला अंतर्वस्त्रं, चष्मा, फोनचा चार्जर आणि शाळेचे बूट घ्यायला तेच उपयोगी पडतात. पण ती घराची भरपाई नव्हे. ज्यांचा रोजगार बुडाला त्यांना वेगळा भत्ता, जास्तीत जास्त १३ आठवडे, बेकारभत्त्याइतका.

दुसरी मदत म्हणजे राख उचलणं. ही मी सगळ्यांत मोठी मानते. जुन्या घरांमध्ये ॲस्बेस्टॉस असतो, त्यामुळे फावडं घेऊन आपलं आपण साफ करायची सोय नाही. मास्क आणि पांढरे सूट घातलेले लोक येतात, सगळं ओलं करून, गुंडाळून नेतात. हे काम स्वतःच्या खिशातून करायचं तर हजारो डॉलर लागले असते. राज्य आणि केंद्राने खर्च वाटून घेतला, आणि विमा असो-नसो, सगळ्यांचं फुकट केलं. आमचा नंबर एप्रिलमध्ये लागला. त्याआधी एकदा त्या लोकांनी विचारलं, "राखेतून काही शोधून ठेवायचंय का?" मी सासूबाईंच्या पाटल्या सांगितल्या. मिळाल्या नाहीत. पितळी खलबत्ता मिळाला, तोही वितळून एका बाजूला कललेला.

त्यापुढचं सगळं विमा, कर्ज आणि ओळखीपाळखीवर. आमचा विमा ४ लाख २० हजारांचा होता. नव्या घराचा अंदाज आला ५ लाख ९० हजार. वरचे कुठून आले ते लिहीन सवडीने. आता दुकान बंद करून घरी जायचंय.

---

झणझणीत | शुक्र, १०/०१/२०२५ - २१:४०

बापरे. वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

सरळमार्गी | शुक्र, १०/०१/२०२५ - २२:०५

आधी तुमच्या नुकसानीबद्दल मनापासून वाईट वाटलं. पण एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. हौसेने जंगलात घर बांधायचं, निलगिरीची झाडं म्हणजे तेलाचे डबेच, आणि जळलं की करदात्याने राख उचलायची? सिडनीत फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने हा भार का उचलावा?

---

मेलबर्नकर | शनि, ११/०१/२०२५ - ०५:५२

@सरळमार्गी, सकाळी सकाळी चहाच्या आधी लिहायला लावलंत.

हौसेची घरं असतात, नाही असं नाही. पण कोबार्गो हे गाव आहे. तिथल्या मुख्य रस्त्यावरची दुकानं त्या दिवशी जळाली. आजूबाजूला गोठे, दूधधंदा. वीज गेल्यावर दूध थंड ठेवता येईना, टँकर पोचेना, म्हणून शेतकऱ्यांनी दूध ओतून दिलं. त्या दुधाचं चीज सिडनीच्या फ्लॅटमध्येच खाल्लं जातं ना?

आणि आकाराचा अंदाज द्यावा म्हणून सांगतो. त्या उन्हाळ्यात देशभरात मिळून २ कोटी ४० लाख हेक्टर जळालं. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ कोटी हेक्टरच्या थोडं वर आहे, बघा ताडून. ३३ माणसं आगीत गेली, ३,००० हून जास्त घरं गेली. एवढी घरं हौसेची नसतात.

माझं काम स्थापत्यातलं, पूल आणि रस्ते, त्यामुळे मदतीच्या पैशाची दुसरी बाजू थोडी माहीत आहे. इथे आपत्तीनंतरची जबाबदारी मुळात राज्याची. राज्य खर्च करतं आणि केंद्र त्यातला काही वाटा, बऱ्याच बाबींत ५० ते ७५ टक्क्यांपर्यंत, परत देतं. २०१८च्या नोव्हेंबरपासून या व्यवस्थेचे नवे नियम आहेत. त्यात अ, ब, क, ड असे चार वर्ग. 'अ' म्हणजे माणसांना तातडीची मदत, 'ब' म्हणजे रस्ते-पूल आणि शेतकरी-दुकानदारांची कर्जं वगैरे, 'क' म्हणजे अख्ख्या गावाला उभं करण्याचं पॅकेज, आणि 'ड' म्हणजे आभाळच फाटलं तर.

गोम अशी की 'ब'मध्ये मूळ कल्पना होतं तसं परत बांधून देण्याची. लाकडी पूल जळाला तर लाकडी पुलाचे पैसे. सिमेंटचा बांधायचा तर वरचा फरक कोण देणार यावर पत्रव्यवहार. दक्षिण किनाऱ्यावर कितीतरी लाकडी पूल जळाले होते. २०२०च्या रॉयल कमिशननेही (आपत्तींच्या चौकशीसाठी नेमलेला आयोग) हे बोट ठेवून दाखवलं, की पुन्हा बांधताना आधीपेक्षा मजबूत बांधता आलं पाहिजे.

---

सरळमार्गी | शनि, ११/०१/२०२५ - ०९:३०

चीजचा मुद्दा मान्य. :) पण मग हे पैसे आग लागायच्या आधीच का खर्च करत नाहीत?

---

मेलबर्नकर | शनि, ११/०१/२०२५ - १०:१५

हा खरा प्रश्न. केंद्राला आर्थिक सल्ला देणाऱ्या उत्पादकता आयोगाने दहा वर्षांपूर्वीच हिशोब मांडला होता: आपत्तीवर सरकार खर्च करतं त्यातले ९७ टक्के नंतर, ३ टक्के आधी. २०१९मध्ये जवळपास ४ अब्ज डॉलरचा एक आपत्ती निधी काढला, त्यावर व्याज चढत राहिलं, आणि पैसा फारसा बाहेर पडला नाही यावरून बरीच टीका झाली. शेवटी त्याचं नाव-गाव बदललं, आणि जुलै २०२३पासून दरवर्षी २० कोटी डॉलरपर्यंत आधीच्या तयारीसाठी देतात. आपत्तीनंतर फीत कापायला मिळते, आधीच्या जाळरेषेला (आग अडवायला मोकळा केलेला पट्टा) कोण फीत बांधणार.

---

कातळफूल | शनि, ११/०१/२०२५ - १३:२२

जाळरेषा शब्द वाचून राहवलं नाही. राजापूर तालुक्यात आमची हापूसची आणि काजूची कलमं आहेत. मार्च उजाडला की सड्यावरचं गवत करकरीत वाळतं, कुठून तरी ठिणगी पडते आणि रात्रभर फांद्या घेऊन झोडपत बसायचं. चार वर्षांपूर्वी एका रात्रीत चौऱ्याऐंशी कलमं गेली. वडिलांनी लावलेली.

पंचनामा झाला. सातबाऱ्यावर कलमांची नोंद कमी आणि प्रत्यक्षात जास्त, त्यामुळे कागदावर निम्मीच जळाली. केंद्राच्या तेव्हाच्या निकषात बहुवार्षिक पिकाला हेक्टरी १८,००० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. हापूसचं कलम धरायला लागायला किती वर्षं जातात ते इथल्यांना सांगायला नको. आणि ते तरी मिळाले का, तर फाइल अजून 'वर' आहे. वर म्हणजे कुठे, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

@निलगिरी, तुमच्याकडे शेतकऱ्याला काय मिळालं?

---

निलगिरी | शनि, ११/०१/२०२५ - १९:४८

@कातळफूल, चौऱ्याऐंशी कलमं... काय बोलू.

शेतकऱ्यांना ७५,००० डॉलरपर्यंत अनुदान होतं, परतफेड नाही. पण ते कुंपण, गोठा, मेलेली जनावरं पुरणं, चारा अशा खर्चासाठी, पावत्या दाखवून. छोट्या दुकानदारांना नुकसान झालं असेल तर ५०,००० पर्यंत. नंतर लक्षात आलं की काहींचं दुकान शाबूत आहे पण गिऱ्हाईकच नाही, जानेवारीतच सगळा धंदा करणारी पर्यटनाची गावं ती. म्हणून १०,००० ची आणखी एक योजना आली. आमच्या शेजारची आइस्क्रीमवाली त्यावर तगली. महिन्या-दोन महिन्यांत कोविड आला आणि होतं नव्हतं ते गिऱ्हाईकही गेलं.

इथे पंचनामा नाही, त्याऐवजी फॉर्म. आणि फॉर्म म्हणजे किती! केंद्राचा वेगळा, राज्याचा वेगळा, कौन्सिलचा वेगळा, रेडक्रॉसचा, चर्चच्या संस्थांचा, विम्याचा. प्रत्येकाला ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा हवा. पुरावा घरात होता आणि घर कुठे होतं ते त्यांना सांगायचं होतं. पहिल्या महिन्यात मी 'आमचं घर जळालं' हे वाक्य इंग्रजीत किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही. सहाव्या-सातव्या वेळेनंतर ते वाक्य दुसऱ्याच कुणाबद्दल वाटायला लागतं.

रॉयल कमिशनसमोर हे कित्येकांनी सांगितलं. त्यांनी शिफारसही केली, की माणसाची माहिती खात्यांनी आपसात द्यावी, त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये. एकूण ८० शिफारशींतली ही मला सगळ्यांत माणुसकीची वाटते.

मदत झाली ती केसवर्करची. सरकारच्या पैशातून नेमलेली एक बाई, पन्नाशीची, आधी हायस्कूलमध्ये क्लार्क होती. तिने एक जाड फाइल केली आणि म्हणाली, यापुढे फोन मी करणार. ती नसती तर आम्ही अर्धे अर्ज केलेच नसते.

आता गंमत सांगते. विमा कंपनीला घरातल्या सामानाची यादी लागते. खोलीनिहाय. प्रत्येक वस्तूची किंमत, खरेदीचं वर्ष. स्वयंपाकघराची यादी करताना मी सोऱ्या, पुरणयंत्र, मोदकपात्र, किसणीची विळी असं लिहीत गेले. पाहणीला आलेल्या तरुणाने विचारलं, हे 'सोऱ्या' काय असतं? मी हातवारे करून चकली पाडून दाखवली. तो गंभीरपणे म्हणाला, म्हणजे पास्ता मशीन. लिहिलं पास्ता मशीन, १५० डॉलर. आईने दादरहून आणलेला, तिला सगळा मिळून तीनशे रुपयांना पडला असेल! उलट आजीची गोधडी त्याने 'जुनं पांघरूण' म्हणून २० डॉलरला लावली. हिशोब असा बरोबरीत सुटला.

---

झणझणीत | शनि, ११/०१/२०२५ - २०:०२

पास्ता मशीन!! हसू की रडू.

---

पाटीदप्तर | शनि, ११/०१/२०२५ - २०:३१

मी वोलाँगाँगला शिकतो. आम्हा विद्यार्थी व्हिसावाल्यांना ते १,००० मिळतात का?

---

मेलबर्नकर | शनि, ११/०१/२०२५ - २१:१०

साधारणपणे नाही. नागरिक, कायमचे रहिवासी आणि काही ठराविक व्हिसाधारक एवढ्यांनाच. तात्पुरत्या व्हिसावर असाल तर राज्याच्या तातडीच्या निवाऱ्याला, जेवणाला आणि रेडक्रॉससारख्या संस्थांकडे जाता येतं. भाड्याच्या घरातल्या सामानाचा विमा मात्र काढ बाबा. महिन्याला दोन-तीन पिझ्झ्यांचे पैसे.

---

तीनबहिणी | रवि, १२/०१/२०२५ - ०७:१८

मी सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समध्ये राहते, म्हणून या धाग्यात एक कडू घोट घालणं भाग आहे.

गॉस्पर्स माउंटनची आग ऑक्टोबर २०१९च्या शेवटी वीज पडून लागली आणि जानेवारीपर्यंत चालली, पाच लाखांहून जास्त हेक्टर. बिलपिनची सफरचंदं, माउंट विल्सन, डार्गन, सगळीकडे नुकसान. नंतर गावांची अर्थव्यवस्था उभी करायला केंद्र आणि राज्याचा मिळून निधी आला. न्यू साउथ वेल्समध्ये त्याचा पहिला टप्पा 'झटपट' वाटला गेला. आमच्या ब्लू माउंटन्सच्या वाट्याला त्यात छदामही नाही.

का? २०२३च्या फेब्रुवारीत राज्याच्या महालेखापालांचा अहवाल आला. तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांच्या कार्यालयाने मध्ये पडून दहा लाख डॉलरच्या वरचेच प्रकल्प घ्यायचे अशी अट लावली, आणि तिचा परिणाम असा झाला की विरोधी मजूर पक्षाच्या मतदारसंघांतले निवडलेले प्रकल्प गळाले. अट का लावली याची पटेल अशी कागदोपत्री नोंद नाही. आमचा मतदारसंघ कुणाचा ते ओळखा.

मी इथे येऊन अठरा वर्षं झाली. 'आपल्याकडेच असं चालतं' हे वाक्य मी त्या दिवसापासून म्हणायचं सोडलं.

---

तेरणाकाठ | रवि, १२/०१/२०२५ - ०८:५५

माझं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो.

आमच्याकडे मात्र सरकारने घरं बांधून दिली. ५२ गावं नव्या जागी वसवली, जागतिक बँकेचं कर्ज होतं. घरं मजबूत, वाद नाही. पण रांगेत, वसाहतीसारखी. रस्ते इतके रुंद की समोरच्या ओट्यावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागे. वाडा नाही, गुरांना जागा नाही, शेत लांब गेलं. आमच्या आजोबांनी नव्या घरात कडबा भरला आणि स्वतः शेतातल्या पत्र्याच्या खोपटात राहिले, शेवटपर्यंत. अधिकारी आले की आजी म्हणायची, घर छान आहे साहेब, फक्त राहता येत नाही.

तेव्हा 'सरकार बांधून देत नाही' हे ऐकून मला लगेच वाईटच वाटलं असं नाही. पैसे तुमच्या हातात आणि घर तुमच्या मर्जीचं, हे जास्त बरं की काय? खरंच विचारतोय.

आणि जुने कपडे! देशभरातून ट्रक भरभरून यायचे. आमच्या शाळेच्या पटांगणात ढीग होते. त्यात एकदा पाच-सहा सूटचे कोट निघाले. गावातले गुराखी वर्षभर कोट घालून गुरं वळत होते.

---

निलगिरी | रवि, १२/०१/२०२५ - १४:३६

@तेरणाकाठ, प्रतिसाद दोनदा वाचला. नवऱ्यालाही वाचून दाखवला.

कपड्यांचं इथेही तेच. शोग्राउंडवर शेड भरभरून सामान आलं. स्वयंसेवकांचा निम्मा वेळ ते निवडण्यात. शेवटी कौन्सिलला जाहीर करावं लागलं, कृपा करून वस्तू पाठवू नका, पैसे द्या. आमच्या सिडनीच्या मंडळींनी मात्र एक शहाणपणाचं केलं: माझा मसाल्याचा डबा भरून पाठवला. गोडा मसाला, हिंग, कोकम, सगळं लेबलं लावून. मोटेलच्या खोलीतल्या एका शेगडीवर मी त्या दिवशी आमटी केली, आणि मुलगी पहिल्यांदा पोटभर जेवली.

मर्जीच्या घराबद्दल: मर्जी होती, पण तिला किंमत होती. आता सांगते ते वरचे १ लाख ७० हजार कुठे गेले. इथे २००९च्या 'ब्लॅक सॅटर्डे'नंतर (व्हिक्टोरियात १७३ माणसं गेली होती) आगीच्या धोक्याचे दर्जे कडक केले. तुमची जागा जंगलापासून किती लांब, उतार किती, झाडं कुठली, यावरून १२.५, १९, २९, ४० आणि सगळ्यात वर 'फ्लेम झोन' असे आकडे. आमचं जुनं घर १९८०च्या दशकातलं, त्याला काहीच लागू नव्हतं. नव्याला ४० लागला. म्हणजे विशिष्ट काच, धातूच्या जाळ्या ज्यांची भोकं २ मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत (निखारे आत शिरतात म्हणून), लाकडी डेक रद्द, अग्निशमन दलासाठी राखीव पाण्याची टाकी. सगळं योग्यच आहे, मी तक्रार करत नाही. पण विमा आहे जुन्या घराचा आणि कायदा सांगतो नवं घर. या मधल्या खड्ड्यात कितीजण पडले! आमच्या रस्त्यावर सात घरं जळाली, त्यातली तीनच परत उभी राहिली. दोघांनी रिकामा प्लॉट विकला. एक म्हातारा अजून कॅराव्हॅनमध्ये राहतो, त्याचा विमाच नव्हता.

त्यात २०२०मध्ये सरकारने कोविडसाठी नवीन घर बांधणाऱ्यांना २५,००० ची योजना काढली. हेतू चांगला, पण शहरातले सगळे बिल्डर तिकडे. सुतार मिळेना, लाकूड मिळेना, भाव वाढत गेले. आम्ही २०२२च्या दिवाळीत राहायला गेलो, आगीनंतर जवळजवळ तीन वर्षांनी. मधला काळ आधी मोटेल, मग भाड्याचं घर, मग प्लॉटवर आणून ठेवलेली एक खोली. ती खोली मात्र देणगीच्या आणि सरकारच्या पैशातून आली होती. राखेच्या शेजारी राहणं विचित्र होतं, पण आपल्या जागेवर होतो.

वरचे पैसे: बँकेचं वाढीव कर्ज, रेडक्रॉसचं अनुदान आणि माझ्या भावाने पुण्याहून पाठवलेले. तो अजून परत घेत नाही.

---

सरळमार्गी | रवि, १२/०१/२०२५ - १६:०१

त्या विनोदी कलाकार बाईंनी करोडो गोळा केले होते ना? ते कुठे गेले? तेव्हा मीही २० डॉलर दिले होते.

---

तीनबहिणी | रवि, १२/०१/२०२५ - १६:४४

सेलेस्ट बार्बर. ठरवलं होतं ३० हजार, जमले ५ कोटी १० लाखांवर. पण फेसबुकवर ज्या खात्याचं नाव दिलं ते न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण अग्निशमन दलाच्या ट्रस्टचं. देणाऱ्यांना वाटत होतं हे पैसे घरं जळालेल्यांना, व्हिक्टोरियाला, प्राण्यांना सगळ्यांना जातील. बाईंचीही तीच इच्छा. मे २०२०मध्ये न्यायालयाने सांगितलं की ट्रस्टच्या घटनेत जे आहे त्यासाठीच वापरता येतील: दलाची साधनं, प्रशिक्षण, आणि जखमी किंवा मृत जवानांच्या घरच्यांना. म्हणजे तुमचे २० डॉलर कदाचित एखाद्या हेल्मेटमध्ये असतील. वाया गेले नाहीत, पण निलगिरीताईंकडे पोचलेही नाहीत.

---

निलगिरी | रवि, १२/०१/२०२५ - १७:२०

हेल्मेट घातलेली माणसंच आमच्या रस्त्यावर आली होती, सगळी बिनपगारी. त्यामुळे चालेल. :)

जाता जाता, त्या स्वयंसेवक जवानांनाही सरकारने त्या वर्षी भरपाई दिली. दिवसाला ३०० डॉलरपर्यंत, एकूण ६,००० पर्यंत. ज्यांनी दहा दिवसांपेक्षा जास्त काम केलं आणि छोट्या-मध्यम धंद्यात आहेत त्यांना. आमच्या प्लंबरने आधी फॉर्मच भरला नाही, म्हणाला मी पैशासाठी गेलो नव्हतो. बायकोने भरला.

---

वाचनमात्र | सोम, १३/०१/२०२५ - २३:१२

पाच वर्षं इथे नुसती वाचते आहे, पहिल्यांदाच लिहिते. मनावर जे होतं त्याचं सरकार काही करतं का?

---

निलगिरी | मंगळ, १४/०१/२०२५ - ०६:४०

केलं. जानेवारी २०२०मध्येच ७ कोटी ६० लाखांचं पॅकेज आलं. समुपदेशनाची दहा सत्रं फुकट, आणि डॉक्टरची चिठ्ठीही लागत नव्हती. मी मुलीला घेऊन गेले. ती वारा सुटला की दप्तरात कुत्र्याचा पट्टा भरून ठेवायची. सात सत्रं झाली, फरक पडला.

नवरा गेला नाही. 'ज्यांचं जास्त नुकसान झालंय त्यांना जाऊ दे' म्हणाला. आमच्या इथल्या पुरुषांचं हे ठरलेलं उत्तर आहे, घर जळालेला म्हणतो गोठा जळालेल्याला जाऊ दे, गोठेवाला म्हणतो माणूस गेलेल्यांना. तो शनिवार-रविवार ब्लेझएडच्या लोकांबरोबर शेतकऱ्यांची कुंपणं बांधायला जायचा. ही संस्थाही २००९च्या आगीनंतर एका शेतकरी जोडप्याने सुरू केलेली. तारा ओढायच्या, खांब ठोकायचे, दुपारी सगळ्यांनी एकत्र सँडविच. मला वाटतं त्याचं समुपदेशन तिथेच झालं. तिसऱ्या वर्षी एकदा धुराच्या वासाने तो गाडी रस्त्याकडेला लावून बसला, तेव्हा मात्र मी त्याला गुपचूप नेलं.

माझं दुकान हे माझं. वीज नसताना आम्ही टॉर्चच्या उजेडात औषधं देत होतो. तेव्हा एरवी चिठ्ठी नसेल तर बहुतेक औषधं तीन दिवसांचीच देता यायची. सरकारने त्या जानेवारीत आगीच्या भागात महिन्याभराची, नेहमीच्या सवलतीच्या दरात द्यायची मुभा दिली. फॉर्म नाही, पुरावा नाही, माणूस समोर आहे आणि त्याची इन्सुलिन जळाली आहे, एवढं पुरे. सगळ्या सरकारी मदतीत इतकी साधी गोष्ट मी दुसरी पाहिली नाही, आणि तिच्याबद्दल मी तरी कुठे छापून आलेलं पाहिलं नाही.

सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा. तिळगूळ कॅनबेराहून मागवलाय.

---

मेलबर्नकर | मंगळ, १४/०१/२०२५ - ०८:०५

तिळगूळ घ्या. :)

एक राहिलंच. व्हिक्टोरियातल्या मालाकूटा गावाचं उदाहरण. ३१ डिसेंबरला हजारो लोक तिथे किनाऱ्यावर अडकले आणि नौदलाच्या बोटीने काढावे लागले, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. नंतरचं कमी लोकांना माहीत आहे. गावाने स्वतःची पुनर्वसन समिती मतदानाने निवडली. सरकारी अधिकाऱ्यांना एकच खिडकी मिळाली, आणि गावाला आपल्याला आधी काय हवंय ते सांगायला तोंड मिळालं. @तेरणाकाठ यांच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे: बांधून सरकारने द्यावं की आपण, यापेक्षा नकाशा काढताना खोलीत कोण बसलंय ते बघावं.

---

तेरणाकाठ | मंगळ, १४/०१/२०२५ - ०८:५०

आमच्या वेळी खोलीत आजी नव्हती, एवढं नक्की.

---

ढवळाढवळ | मंगळ, १४/०१/२०२५ - ११:१२

प्रतिसाद काढून टाकला आहे.

---

झणझणीत | मंगळ, १४/०१/२०२५ - ११:३०

@ढवळाढवळ, काय लिहिलं होतं हो?

---

कातळफूल | मंगळ, १४/०१/२०२५ - २१:५५

धागा आईला वाचून दाखवला. काल आम्ही उरलेल्या कलमांचं मोबाइलवर चित्रीकरण केलं, प्रत्येक झाडासमोर उभं राहून. मी नंबर सांगत होतो, आई मध्येच म्हणायची, हा नको लिहू नुसता सत्तावीस, हा बारक्याच्या बारशाचा. परत सुरुवातीपासून केलं. सातबाऱ्यावर नोंद दुरुस्त करायचा अर्जही दिलाय. बघू किती वर जातो.

@निलगिरी, चित्रीकरणात आणखी काय असायला हवं?

---

निलगिरी | बुध, १५/०१/२०२५ - ०७:०३

तारीख दिसू द्या, आणि एखादं कलम जवळून, बुंध्याचा घेर टेप लावून. एक प्रत घराबाहेर ठेवा, पुण्याच्या किंवा मुंबईच्या कुणाकडे. आमची सगळी छायाचित्रं ज्या डिस्कवर होती ती कपाटात होती, आणि कपाट घरात.

आणि आईंचं बोलणं काढू नका त्यातून. परवा, पाच वर्षांनी, मला आठवलं की यादीत आम्ही पुरणयंत्राची दुसरी जाळी लिहिलीच नव्हती.